बावीस अक्षरांचे रेणू आणि अल्झायमर : नव्या अभ्यासकांसाठी प्रस्तावना

१९९३ च्या डिसेंबरात ‘सेल’ या संशोधनपत्रिकेच्या एकाच अंकात दोन लेख छापून आले. एक व्हिक्टर ॲम्ब्रोस यांच्या प्रयोगशाळेतला, दुसरा गॅरी रुवकून यांच्या. दोन्हींचा विषय एकच होता: मातीत राहणारा, मिलिमीटरभर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक कृमी, सी. एलिगन्स. रोझलिंड ली, रोंडा फाइनबॉम आणि ॲम्ब्रोस यांनी दाखवले, की या कृमीतले लिन-४ नावाचे जनुक प्रथिन बनवतच नाही. त्यापासून तयार होतो तो जेमतेम बावीस न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे बावीस अक्षरांचा, आरएनएचा तुकडा. रुवकून यांच्या गटाने त्याचे काम दाखवले. लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या संदेशवाहक आरएनएला तो शेपटाकडे जाऊन चिकटतो आणि त्यापासून होणारे प्रथिन रोखून धरतो.

पुढची सात वर्षे जीवशास्त्राने या शोधाची फारशी दखल घेतली नाही. कृमीची खासियत म्हणून तो बाजूला पडला. २००० साली रुवकून यांच्याच प्रयोगशाळेला लेट-७ हा असाच दुसरा तुकडा सापडला आणि तो माशीपासून माणसापर्यंत अनेक प्राण्यांत जवळपास जसाच्या तसा आढळला, तेव्हा चित्र पालटले. २००१ मध्ये या रेणूंना मायक्रोआरएनए हे नाव मिळाले. २०२४ चे वैद्यकाचे नोबेल ॲम्ब्रोस आणि रुवकून यांना मिळाले तोपर्यंत माणसातले दोन हजारांच्या घरातले मायक्रोआरएनए नोंदले गेले होते.

त्या कृमीपासून बोरिवलीच्या एखाद्या घरात दिवसेंदिवस विसराळू होत चाललेल्या आजोबांपर्यंतचा पल्ला म्हणजे आपला विषय. ही प्रस्तावना मी अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यातल्या महाविद्यालयांत जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, वैद्यक किंवा मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. मानसशास्त्राचे नाव मुद्दाम घेतले आहे. या क्षेत्राचे घोडे आज अडले आहे ते नमुन्यापाशी आणि निदानापाशी, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढची सगळी मांडणी त्याच मताच्या आधाराने केली आहे.

आधी यंत्रणा समजून घेऊ. पेशीच्या केंद्रकात मायक्रोआरएनएचा लांबलचक पूर्वज तयार होतो. तो स्वतःवरच दुमडून केसाच्या पिनेच्या आकाराचा होतो. ड्रोशा नावाचे विकर त्याला तिथेच छाटते, एक्सपोर्टिन-५ त्याला केंद्रकाबाहेर आणते, बाहेर डायसर त्याचे टोक कापते आणि उरलेल्या दुहेरी तुकड्यातली एक पट्टी आर्गोनॉट या प्रथिनाच्या खोबणीत बसते. आता हे जोडपे कामाला लागते. बावीसपैकी दुसऱ्या ते आठव्या अक्षरांशी जुळणारा मजकूर ज्या संदेशवाहक आरएनएत सापडेल, तिथे ते अडकते आणि त्या संदेशापासून प्रथिन बनण्याचे प्रमाण घटते. जुळायची अक्षरे जेमतेम सात असल्यामुळे एकेका मायक्रोआरएनएचे शेकडो संदेश लक्ष्य असू शकतात. माणसाच्या प्रथिने बनवणाऱ्या जनुकांपैकी निम्म्याहून जास्त जनुकांवर या रेणूंचा ताबा आहे.

हा ताबा सौम्य असतो, हे मात्र पहिल्याच दिवशी मनात ठसवून घ्या. मायक्रोआरएनए दिव्याच्या बटणासारखा वागत नाही. पंख्याच्या रेग्युलेटरसारखा वागतो. बहुतेक लक्ष्य-प्रथिनांचे प्रमाण निम्म्यावरसुद्धा येत नाही, थोडेसे खाली सरकते. अशा शेकडो थोड्याथोडक्या बदलांची बेरीज पेशीचा कल ठरवते. अल्झायमरसारख्या वीस वीस वर्षे आतल्या आत मुरणाऱ्या आजाराशी अशा रेणूचा संबंध असावा, ही शंका शास्त्रज्ञांना आली ती यामुळेच.

अल्झायमरची ओळख थोडक्यात पुरे. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची ऑगुस्टे डेटर दाखल झाली. १९०६ मध्ये ती वारल्यावर आलोइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूत दोन गोष्टी पाहिल्या: पेशींबाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत पडलेल्या गाठी. थर बीटा-अमायलॉइड या प्रथिनतुकड्याचे, गाठी टाऊ या प्रथिनाच्या, हे कळायला आणखी पाऊणशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

मायक्रोआरएनए या कथेत शिरले ते २००७-०८ च्या सुमारास. अमेरिकेत वॉल्टर लुकिव्ह यांनी रुग्णांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागात, काही मायक्रोआरएनएंचे प्रमाण बदललेले पाहिले. २००८ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या गटाने, सेबास्तियाँ एबेर आणि बार्ट द स्ट्रूपर यांनी, एक नेमका धागा पकडला. अमायलॉइड तयार व्हायला जी कात्री लागते तिचे नाव बेस-१. या कात्रीच्या संदेशावर मिर-२९ या मायक्रोआरएनएचा ताबा असतो. काही रुग्णांच्या मेंदूत मिर-२९ घटलेला होता आणि बेस-१ वाढलेला होता. त्याच वर्षी केंटकीतल्या पीटर नेल्सन यांच्या गटाने मिर-१०७ बद्दल असेच काही दाखवले, आणि तेही आजाराच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात.

हे वाचताना कुणालाही वाटेल, की मग बेस-१ रोखले की झाले! औषध कंपन्यांनाही तसेच वाटले होते. व्हेरुबेसेस्टॅट या बेस-१ रोखणाऱ्या औषधाची मोठी चाचणी २०१७ मध्ये थांबवावी लागली. अमायलॉइड घटले, पण रुग्णांना काडीचा फायदा झाला नाही. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांवरच्या दुसऱ्या चाचणीत तर औषध घेणाऱ्यांची आकलनशक्ती जास्तच घसरलेली दिसली. धागा खरा होता, पण एकच धागा ओढून गुंता सुटत नाही, याचा यापेक्षा महागडा धडा या क्षेत्राला मिळालेला नाही.

एका रेणूपाशी मी तुम्हांला जरा जास्त वेळ थांबवणार आहे: मिर-१३२. अल्झायमरच्या मेंदूत घटलेला म्हणून सर्वांत सातत्याने सापडणारा हाच. निरोगी चेतापेशी उद्दीपित झाली, म्हणजे शिकताना किंवा काही लक्षात ठेवताना तिच्यात हालचाल झाली, की क्रेब हे प्रथिन मिर-१३२ चे उत्पादन वाढवते. वाढलेला मिर-१३२ चेतापेशीच्या फांद्या वाढायला मदत करतो, टाऊच्या संदेशावर लगाम ठेवतो आणि पेशीला मरणाकडे ढकलणाऱ्या काही प्रथिनांनाही आवर घालतो. रुग्णाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये तो घटतो, आणि टाऊच्या गाठी पसरू लागतात त्या काळातच घटतो. २०२१ मध्ये ल्यूव्हेन आणि ॲमस्टरडॅमच्या गटाने अल्झायमरच्या नमुना-उंदरांमध्ये मिर-१३२ वाढवून पाहिला, तेव्हा हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी तयार होण्याची मंदावलेली क्रिया सुधारली आणि स्मरणाच्या काही चाचण्यांत उंदीरही सुधारले.

याला दुसरी बाजू आहे. मिर-१३२ नेहमीपेक्षा खूप जास्त तयार होईल असे उंदीर ओहायोच्या शास्त्रज्ञांनी घडवले, तेव्हा त्यांची स्मरणशक्ती बिघडली. थोडी वाढ हितकर, भरमसाट वाढ घातक. उपचारांच्या गप्पा मारण्याआधी मिर-१३२ चे हे दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, असा माझा आग्रह असतो.

आता सर्वांत अवघड प्रश्न. मृत्यूनंतर काढलेल्या मेंदूच्या तुकड्यात एखादा मायक्रोआरएनए कमी सापडला, याचा अर्थ काय? तो घटला म्हणून आजार झाला? की आजारात चेतापेशी मेल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांचे रेणूही गेले? मिर-१३२ किंवा मिर-१२४ हे मुख्यतः चेतापेशींमध्ये मुबलक असतात. तुकड्यातल्या चेतापेशी तीस टक्क्यांनी कमी झाल्या, तर प्रत्येक उरलेली पेशी ठणठणीत असली तरी रेणूचा आकडा खाली येणारच. उलट मिर-१४६ए हा दाहाशी संबंधित रेणू वाढलेला दिसला, तर तो आजाराचा कर्ता आहे की आग विझवायला धावून आलेला आहे? एकेक पेशी वेगळी करून मोजण्याच्या तंत्रांनी या प्रश्नाला आता हात घातला आहे, तरी जुना लेख हाती आला की पेशींचे प्रमाण विचारात घेतले होते का, हे आधी शोधायची सवय लावून घ्या.

याच प्रश्नाला कोलकात्याच्या सुवेंद्रनाथ भट्टाचार्य यांच्या गटाने एक वेगळे वळण दिले. मेंदूतल्या आधारपेशींवर अमायलॉइडचा मारा झाला, की मायक्रोआरएनए जागच्या जागी अडकून पडतात. मोजायला गेले तर रेणू भरपूर, पण काम बंद. रेणू किती आहे आणि तो कामावर आहे का, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. बहुतेक अभ्यास पहिल्याचेच उत्तर देतात. भारतीय प्रयोगशाळेने या क्षेत्राला दिलेली ही फार मोलाची भर आहे आणि तिचे पुरेसे कौतुक झालेले नाही, असे मला वाटते.

मेंदू जिवंतपणी कापून पाहता येत नाही, म्हणून सगळ्यांची नजर रक्ताकडे वळली. मायक्रोआरएनए रक्तद्रवात टिकून राहतात, कारण ते प्रथिनांना बिलगलेले किंवा पेशींनी बाहेर टाकलेल्या सूक्ष्म पुटिकांत बंद असतात. २०१३ मध्ये जर्मनीतल्या एका गटाने रक्तातले बारा मायक्रोआरएनए मोजून अल्झायमरचे रुग्ण ९३ टक्के अचूकतेने ओळखल्याचे जाहीर केले. त्यानंतर अशा याद्यांचा पाऊस पडला. दुर्दैवाने एका गटाची यादी दुसऱ्याच्या यादीशी क्वचितच जुळते. दरम्यान प्रथिनांच्या चाचण्या पुढे निघून गेल्या. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीला मान्यता दिली, ती टाऊ आणि अमायलॉइड मोजणारी आहे.

याद्या का जुळत नाहीत, हे पाहायला एका नळीच्या मागे जाऊ. मुलुंडच्या एका इमारतीत सकाळी आठला लॅबचा मुलगा येतो. आजींच्या शिरा बारीक, पहिल्यांदा सुई लागत नाही, दुसऱ्यांदा तो सिरिंजचा दट्ट्या जरा जोराने ओढतो. रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत जाते. अजून चार घरे बाकी असतात. मे महिना असतो. नळी पिशवीत, पिशवी दुचाकीला अडकवलेली, मग रेल्वेचा प्रवास. सेंट्रिफ्यूजपर्यंत पोचेस्तोवर तीन-चार तास गेलेले असतात. फिरवल्यावर वर आलेला रक्तद्रव पिवळसर दिसण्याऐवजी किंचित गुलाबी दिसतो. हा गुलाबी रंग फुटलेल्या लाल पेशींचा. लाल पेशींत मिर-४५१ए आणि मिर-१६ खच्चून भरलेले असतात, आणि ते सगळे आता रक्तद्रवात उतरले आहेत. अशा नळीवर लाखो रुपयांचे यंत्र चालवले तरी ते आजींच्या मेंदूबद्दल काहीच सांगणार नाही. ते सांगेल सुईबद्दल आणि उन्हाबद्दल.

यावर उपाय साधे आहेत. रक्त घेतल्यापासून किती वेळात फिरवले, हे प्रत्येक नळीवर लिहायचे. बिंबिका निघून जाव्यात म्हणून दोनदा फिरवायचे. मिर-२३ए वर लाल पेशी फुटल्याचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून त्याच्याशी मिर-४५१ए ची तुलना करायची. पीसीआरमध्ये या दोघांतला फरक सात फेऱ्यांपलीकडे गेला तर नमुना संशयास्पद धरायचा आणि मन घट्ट करून बाजूला ठेवायचा. पदव्युत्तर वर्गातली कुणीही मुलगी हे शिकू शकते, आणि तिने काटेकोरपणे जमवलेले नमुने निष्काळजीपणे जमवलेल्या मोठ्या साठ्यापेक्षा विज्ञानाच्या जास्त उपयोगी पडतात.

नळी चांगली असली तरी तिच्यावरची चिठ्ठी चुकीची असेल तर सगळे मुसळ केरात. चिठ्ठी म्हणजे निदान: ही व्यक्ती रुग्ण आहे की निरोगी? इथे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांची गरज भासते. जगभर वापरल्या जाणाऱ्या स्मरणचाचणीत शंभरातून सात सात वजा करायला सांगतात. ज्या आजी शाळेत गेल्याच नाहीत त्यांना हे विचारण्यात काय अर्थ? हरियाणातल्या बल्लभगढमध्ये १९९० च्या दशकात हिंदी चाचणी बेतली गेली, तेव्हा त्या जागी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले गेले. आपल्या उपनगरांत आणखी निराळे पेच आहेत. आज कोणती तारीख, असे विचारल्यावर आजी सांगतात, ‘आज संकष्टी आहे.’ संकष्टी खरोखरच असेल तर त्यांचे काळाचे भान शाबूत आहे, आणि तपासणाराने शून्य दिले तर चूक तपासणाराची. पत्ता विचारला तर आजोबा लालबागच्या चाळीचा खोली नंबर सांगतात, कारण उभे आयुष्य तिथे गेले आणि बोरिवलीला येऊन थोडीच वर्षे झाली. इमारत पुनर्विकासाला गेली म्हणून भाड्याच्या घरात राहायला आलेल्या माणसाला रस्ता चुकला, तर तो आजार की नवखेपणा? याचा निवाडा करायला मराठीत, घरच्या माणसांशी बसून, वेळ देऊन बोलावे लागते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा आकलन-चाचण्यांचा संच २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत पडताळून घेतला होता. त्या पाचांत मराठी नव्हती. ही उणीव मला फार बोचते. रेणूंवर काम करणाऱ्यांना हा आपला प्रश्न वाटत नाही, आणि तिथेच ते फसतात.

आकडे वाचतानाही हीच सावधगिरी हवी. २००१ मध्ये वास, पिंटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या चोवीस हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात ६५ वर्षांपुढच्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के आढळले होते. २०२३ मध्ये देशव्यापी लासी-डॅड अभ्यासाने साठीपुढच्यांमध्ये ते ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असल्याचा अंदाज दिला. आजार दोन दशकांत तिपटीने वाढला, असा निष्कर्ष यातून काढू नका. वयोगट वेगळे, लोकसंख्या वेगळी, तपासण्याची रीत वेगळी. घरच्यांनी ‘वयोमानाने होतं’ म्हणून सोडून दिलेली लक्षणे कुठल्या पद्धतीत पकडली जातात आणि कुठल्या पद्धतीत निसटतात, यावरच आकडा बराचसा ठरतो.

हे काम आपल्या आसपास करण्यासारखे आहे का? नक्कीच आहे. ऐरोलीचा पूल ओलांडून खारघरला गेले, की टाटा मेमोरियल सेंटरचे ॲक्ट्रेक लागते. तिथे डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने मेड्युलोब्लास्टोमा या लहान मुलांच्या मेंदूतल्या कर्करोगावर मायक्रोआरएनएंचे नामांकित काम केले. बारा जनुके आणि नऊ मायक्रोआरएनए मोजून या गाठींचे उपप्रकार ओळखणारी त्यांची पीसीआर चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची खुबी अशी, की रुग्णालयात मेणात बसवून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांवरही ती चालते, कारण इतर आरएनए तुटून गेले तरी हे आखूड रेणू तग धरतात. आजार वेगळा, पण हात तेच लागतात. पवईच्या आयआयटीत समीर माजी यांचा गट प्रथिनांचे धागे कसे जमतात, यावर बरीच वर्षे काम करतो आहे. अमायलॉइड म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायचे असेल तर त्यांच्या लेखांपासून सुरुवात करावी. मेंदूचे नमुने हवे असतील तर मात्र बेंगळुरूकडे पाहावे लागते. निम्हान्समध्ये १९९५ पासून मानवी मेंदूंची पेढी आहे. देहदानाची परंपरा महाराष्ट्रात रुजलेली आहे. तिच्या जोडीने मेंदूदानाचे बोलणेही घराघरांत निघावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

उपचारांबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण लिहिण्यासारखे अजून थोडेच आहे. मिर-३४ ची नक्कल करून बनवलेल्या कर्करोगाच्या औषधाची मानवी चाचणी २०१६ मध्ये रोगप्रतिकारक यंत्रणेच्या गंभीर दुष्परिणामांमुळे थांबली. याच आर्गोनॉट यंत्रणेचा वापर करणारी, पण एकाच संदेशावर नेम धरणारी दुसऱ्या प्रकारची आरएनए-औषधे २०१८ पासून बाजारात आहेत. शेकडो लक्ष्ये असलेला रेणू औषध म्हणून मेंदूत पोचवणे कितीतरी अवघड आहे. रुग्णाच्या घरच्यांनी विचारले तर हेच स्पष्ट सांगा. उगाच आशा लावू नका.

आणि घरच्यांशी बोलायची वेळ येणारच आहे. ज्याची स्मृती विरत चालली आहे अशा माणसाची संमती घ्यायची कशी? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या व्यक्तीच्या वतीने कायदेशीर प्रतिनिधी संमती देतो, तरी त्या व्यक्तीचा होकार किंवा नकार डावलायचा नसतो. मुलाने सही केली, पण आजींनी हात मागे घेतला, तर रक्त घ्यायचे नाही. संमतिपत्र मराठीत, मोठ्या टंकात, दोन पानांत मावेल असे हवे. या नमुन्याचा तुमच्या आईला काही उपयोग होणार नाही, हे वाक्य त्यात पहिल्या परिच्छेदात हवे. आईचे सगळे करणारी सून बहुधा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत असते. तिला बाहेर बोलावून बसवा आणि विसरणे कधी, कसे सुरू झाले ते तिला विचारा. नेमका तपशील बहुतेक वेळा तिच्याकडेच असतो.

ज्यांना पुढच्या वर्षीच्या प्रकल्पासाठी विषय हवा आहे त्यांना एक सुचवते. आपल्याकडच्या वृद्धांमध्ये मधुमेह आणि रक्तदाब सर्रास आढळतात, आणि हे दोन्ही आजार रक्तातल्या मायक्रोआरएनएंचे प्रमाण स्वतंत्रपणे बदलतात. स्मृती शाबूत असलेले मधुमेही आणि मधुमेह नसलेले असे सत्तरीपुढचे दोन गट घ्या, प्रत्येकाची मराठीत नीट चाचणी घ्या, नळ्या तासाभरात फिरवा आणि फक्त मिर-२९, मिर-१०७, मिर-१३२ आणि मिर-१४६ए मोजा. अल्झायमरचा एकही रुग्ण या अभ्यासात नको. निरोगी मराठी म्हातारपणाची पायाभूत रेषा कुठे आहे हे आधी कळले, तरच रुग्णाचा आकडा तिच्यापासून किती दूर आहे ते सांगता येईल.